पेसान्त्रेन : जावातल्या निवासी मदरशांनी नवं शिक्षण कसं आपलंसं केलं

ब्रांतासकाठी

मंडळी, बरेच दिवस लिहायचं मनात होतं. मी गेली अकरा वर्षं इंडोनेशियात, जावा बेटावरच्या सुराबायात, कापडाच्या धंद्यात आहे. आमच्या रंगखात्यातल्या एका सहकाऱ्याचा मुलगा तेराव्या वर्षी जोंबांगच्या बाजूला पेसान्त्रेनमध्ये राहायला गेला. महिन्यातून एकदा त्याला भेटायला जाताना गाडीत जागा असायची, म्हणून मीही सोबत जाऊ लागलो. आता मीच विचारतो, या महिन्यात कधी निघायचं?

पेसान्त्रेन म्हणजे सान्त्री राहतात ती जागा. सान्त्री म्हणजे तिथला विद्यार्थी. हा शब्द आपल्या 'शास्त्री'शी जोडलेला आहे असं काही अभ्यासक मानतात, काहीजण तमिळकडे बोट दाखवतात. मुख्य गुरू तो कियाई. मुलांच्या राहायच्या खोल्या म्हणजे पोंडोक. अरबी 'फुंदुक'वरून आलेला शब्द. कियाईंचं घर त्याच आवारात असतं आणि मध्ये मशीद. एवढं असलं की पेसान्त्रेन झालं. धर्म मंत्रालयाकडे नोंद असलेल्यांचीच संख्या तीस हजारांच्या कितीतरी वर आहे, न नोंदलेली गावोगावची वेगळी.

एकदा आम्ही आदल्या रात्रीच पोचलो होतो, म्हणून पहाटेच्या नमाजानंतरचा वर्ग बघायला मिळाला. दोनेकशे मुलं लुंगी-टोपीत मांडी घालून बसलेली. प्रत्येकाच्या हातात पिवळट कागदाचा जुन्या वळणाचा अरबी ग्रंथ. याच कागदावरून त्या ग्रंथांना 'किताब कुनिंग', म्हणजे पिवळे ग्रंथ, म्हणतात. कियाई एकेक अरबी शब्द उच्चारत होते आणि लगेच त्याचा जावानीज अर्थ सांगत होते. मुलं तो अर्थ त्या शब्दाच्या खाली तिरक्या बारीक अक्षरात लिहीत होती, तोही अरबी लिपीतच. जावानीज भाषेसाठी वळवलेल्या या अरबी लिपीला पेगोन म्हणतात, आणि ओळीखाली लोंबणाऱ्या त्या अर्थांना 'मक्ना गांदुल', लोंबता अर्थ.

ऐकता ऐकता एक गोष्ट कानाला लागली. प्रत्येक अर्थाआधी कियाई एक ठरावीक छोटा शब्द जोडत होते. कर्त्यासारख्या पदाआधी 'उतावी', त्याच्याबद्दल जे सांगायचं त्याआधी 'इकू'. म्हणजे अर्थाबरोबर त्या शब्दाचं वाक्यातलं काम काय हेही मूल ऐकतंय. मला माझे आजोबा आठवले. ते श्लोक घेऊन बसायचे आणि आधी अन्वय लावायला लावायचे : कर्ता कोण, क्रियापद कुठे, हे विशेषण कुणाचं. हे मला अन्वयाचंच जावातलं भावंड वाटलं. घरची भाषा जावानीज असलेलं तेरा वर्षांचं मूल दोन-तीन वर्षांत स्वरचिन्हं नसलेली अरबी वाचायला लागतं, ते या पद्धतीमुळे.

सगळ्यांनी मिळून ऐकायचं ते 'बांडोंगान'. एकेकट्याने कियाईंसमोर बसून आपला पाठ वाचून दाखवायचा ते 'सोरोगान'. सोरोगानमध्ये लपायला जागा नसते. चुकलं की कियाई फक्त थांबतात. मूल मागे जातं, पुन्हा वाचतं.

त्यानंतर सात वाजता तीच मुलं पांढरा सदरा आणि गडद निळी पँट चढवून त्याच आवारातल्या माध्यमिक शाळेत गेली. गणित, विज्ञान, इंग्रजी, संगणक. संध्याकाळी पुन्हा लुंगी, रात्री पुन्हा किताब. मी सहकाऱ्याला विचारलं, मुलाला दोन शाळांचं ओझं होत नाही का? तो म्हणाला, "दोन शाळा कुठे? पेसान्त्रेन एकच आहे. शाळा त्याच्या आत आहे."

हे उत्तर माझ्या डोक्यात राहिलं, आणि मी वाचायला लागलो.

जोंबांगजवळच तेबुइरेंग आहे. १८९९ साली हाशिम अशअरी यांनी ते सुरू केलं, एका साखर कारखान्याच्या शेजारी. पुढे १९२६ साली नहदतुल उलमा ही परंपरावादी धर्मगुरूंची संघटना उभी राहिली ती यांच्याच नेतृत्वाखाली. एवढा परंपरावादी माणूस. पण तेबुइरेंगमध्ये १९१६ पासून इयत्तांची पद्धत आली, मग मलय भाषा आणि अंकगणित आलं. त्यांचे चिरंजीव वाहिद हाशिम यांनी १९३५च्या सुमारास 'निझामिया' नावाचा वर्ग काढला, त्यात सामान्य विषयांना मोठा वाटा दिला आणि परक्या भाषाही शिकवल्या. तेव्हा डचांचं राज्य होतं. शिक्षकांवर सरकारी नजर होती, धर्मशिक्षकांसाठी १९२५चा वेगळा कायदा होता. सरकारी शाळा म्हणजे परक्यांची शाळा अशी भावना असताना वडिलांनी मुलाला हे करू दिलं. वाहिद हाशिम पुढे स्वतंत्र इंडोनेशियाचे धर्ममंत्री झाले आणि १९५३ मध्ये अपघातात गेले, चाळिशीसुद्धा न गाठता. त्यांचा मुलगा अब्दुर्रहमान वाहिद म्हणजे गुस दुर. 'गुस' हे कियाईंच्या मुलाला लावायचं संबोधन. तो माणूस १९९९ ते २००१ देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. त्यांची कबर तेबुइरेंगमध्येच आहे, वडील आणि आजोबांजवळ. तिथे रोज बसगाड्या भरून माणसं येतात.

दुसरी वाट गोंतोरची. पोनोरोगोजवळचं हे गाव. १९२६ साली अहमद सहल, झैनुद्दीन फनानी आणि इमाम झरकशी या तीन भावांनी वाडवडलांचं बंद पडलेलं पेसान्त्रेन पुन्हा उघडलं. तिथे या तिघांना आजही 'त्रिमूर्ती' म्हणतात, हाच शब्द. नव्या पेसान्त्रेनसाठी त्यांनी चार संस्था आदर्श म्हणून डोळ्यांपुढे ठेवल्या : कैरोचं अल-अझहर, मॉरिटानियातलं शिन्कीत, आणि आपल्याकडची दोन, अलीगढ आणि शांतिनिकेतन. जावातल्या एका खेड्यातल्या मदरशाने टागोरांच्या शाळेकडून साधेपणा घ्यायचं ठरवावं, हे वाचून मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो.

१९३६ साली त्यांनी सहा वर्षांचा शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम काढला. अरबी आणि इंग्रजी दोन्ही सक्तीच्या, त्याही बोलायच्या. वर्गात पँट आणि टाय. पँट-टाय हा डचांचा पोशाख, इंग्रजी ही काफिरांची भाषा, असं तेव्हा लोक म्हणत. पालकांनी मुलं काढून नेली, अगदी मोजकी उरली. पण तिघे मागे हटले नाहीत.

तिसरी वाट केदिरीच्या लिरबोयोची, १९१० सालापासूनची. ओळख आजही पिवळ्या ग्रंथांची, मुख्य मदरसा जुन्या पद्धतीचा, अल्फिया या अरबी व्याकरणाच्या हजार ओळी पाठ करणारी मुलं. तिथेही मुलांची रीघ आहे.

म्हणजे एकाच पूर्व जावात, काही तासांच्या अंतरावर तीन उत्तरं. एकाने शाळा आत घेतली, एकाने दोन्ही विरघळवून तिसरंच काही केलं, एकाने जुनं घट्ट धरलं. माझं मत असं झालंय की नवं शिक्षण जिथे टिकलं तिथे ते कियाईंनी स्वतः मागितलं म्हणून टिकलं. आपल्याकडे मदरशांच्या आधुनिकीकरणावर बोलताना आपण विषय मोजतो, पण ते मागितले कुणी हे विचारत नाही. तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

---

कृष्णाघाट

सुंदर लिहिलंय. मी वाईचा, त्यामुळे अन्वयाजवळ थांबलोच. आमच्याकडच्या प्राज्ञपाठशाळेची गोष्ट याच्या फार जवळची आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, जुन्या पठडीत वाढलेले. पण विद्यार्थ्यांनी आजचं जग वाचावं असं त्यांना वाटे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथेच शिकले. इंग्रजी शाळेतली पदवी नसताना त्या माणसाचा आवाका केवढा झाला! त्यांनाही कुणी बाहेरून येऊन 'बदला' म्हटलं नव्हतं.

दोन शंका. अभ्यासक्रम कोण ठरवतं, सरकार की कियाई? आणि खर्च कोण करतं?

---

ब्रांतासकाठी

कृष्णाघाट, धन्यवाद. प्राज्ञपाठशाळा मला सुचायला हवी होती.

अभ्यासक्रमाचं असं आहे. १९७५ साली तीन मंत्र्यांनी मिळून आदेश काढला : मदरशात सत्तर टक्के सामान्य विषय आणि तीस टक्के धर्म असेल, तर त्याचं प्रमाणपत्र सरकारी शाळेच्या बरोबरीचं. अनेक पेसान्त्रेननी आवारात तसे मदरसे किंवा साध्या शाळा काढल्या आणि किताब सकाळ-संध्याकाळवर ढकलले. ज्यांनी आपला अभ्यासक्रम सोडला नाही त्यांच्या मुलांना देशात पुढे दार बंद. गोंतोरचं तेच झालं. तिथल्या मुलाला अल-अझहर घ्यायचं, पण आपल्याच देशातल्या सरकारच्या लेखी त्याचं प्रमाणपत्र नव्हतं. १९९८ साली धर्म मंत्रालयाने आणि २००० साली शिक्षण मंत्रालयाने ते मानलं. साठ वर्षं ते थांबले, अभ्यासक्रम वाकवला नाही.

आता या समकक्षतेला 'मुआदला' म्हणतात, आणि २०१९च्या पेसान्त्रेन कायद्याने (क्रमांक १८) ती पक्की केली. पेसान्त्रेन आपला अभ्यासक्रम ठेवूनही शिक्षणव्यवस्थेचा भाग होऊ शकतं, असं प्रथमच स्वतंत्र कायद्यात आलं.

खर्च बहुतेक पालकांच्या फीवर, वक्फ जमिनीवर आणि दानावर. काहींचे स्वतःचे उद्योगही आहेत. पासुरुआनच्या सिदोगिरी पेसान्त्रेनची सहकारी दुकानं पूर्व जावात सगळीकडे दिसतात. पश्चिम जावात चिविदेचं एक पेसान्त्रेन भाजी पिकवून मोठ्या दुकानांना पुरवतं, मुलंच शेतात असतात. हे वाचताना मला कर्मवीरांचं 'कमवा आणि शिका' आठवलं होतं.

गोंतोरबद्दल एक महत्त्वाचं राहिलं. १९५८ साली त्या तीन भावांनी सगळं वक्फ करून टाकलं. घरच्यांचा हक्क सोडला आणि कारभार विश्वस्त मंडळाकडे दिला. बहुतेक ठिकाणी कियाईंनंतर त्यांचा मुलगा किंवा जावई बसतो. तो तयारीचा नसेल तर चांगलं पेसान्त्रेनही एका पिढीत रिकामं होतं. मला तर टाय आणि इंग्रजीपेक्षा हा बदल मोठा वाटतो.

---

बाणकोटकर

मी कोकणी मुसलमान. आम्ही शाफई, आणि जावातले लोकही शाफई, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याच्या एकाच परंपरेतले, हे इथे पुष्कळांना ठाऊक नसेल. देशावरचे आणि उत्तरेकडचे बहुतेक मुसलमान हनफी. जावाच्या पेसान्त्रेनमध्ये शाफई धर्मकायद्याचा जो 'फतहुल मुईन' शिकवतात तो लिहिला मलबारच्या पोन्नानीत, झैनुद्दीन मखदूम यांनी, सोळाव्या शतकात. त्यांनीच पोर्तुगिजांविरुद्धच्या लढ्याचा इतिहास लिहिला. म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचं पुस्तक समुद्रापलीकडे आजही मांडीवर घेऊन मुलं शिकतायत. ब्रांतासकाठी दादा, पुढच्या वेळी जाल तेव्हा बघा, त्या मुलांच्या दप्तरात तो ग्रंथ असेलच.

आता घरचं सांगतो. माझा धाकटा भाऊ नवव्या वर्षी हिफ्जला, म्हणजे कुराण पाठ करायला, गेला, घरापासून लांब, वसतिगृहात. तीन वर्षांत हाफिज झाला. घरात केवढा आनंद. अम्मीने गावभर मिठाई वाटली. मग आलिमचा, म्हणजे धर्मपंडिताचा, कोर्स. विसाव्या वर्षी परत आला तेव्हा त्याला अरबी, उर्दू, फारसी येत होतं; दहावी मात्र झालेली नव्हती. बँकेत खातं उघडताना फॉर्म मीच भरला. तो गप्प उभा होता. तो क्षण अजून टोचतो. इतकी वर्षं पहाटे चारला उठलेला मुलगा 'शिक्षण' या रकान्यात काय लिहायचं म्हणून माझ्याकडे बघत होता.

मुक्त विद्यालयातून त्याने दहावी-बारावी केली. अभ्यास त्याला मुळीच जड गेला नाही. ज्याने कुराण पाठ केलंय त्याला इतिहासाचं पुस्तक काय? बीजगणितही महिन्याभरात आलं. वाट दाखवणारं कुणी नव्हतं, बस्स.

आणि 'मागितलं कुणी' या प्रश्नाला उत्तर महाराष्ट्रातच आहे. नंदुरबार जिल्ह्यातलं अक्कलकुवा. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवींनी १९७९ साली सातपुड्याच्या पायथ्याशी मदरसा काढला. पुढे हिफ्ज आणि आलिमच्या वर्गांच्या बरोबरीने फार्मसी, बीएड, आयटीआय, अभियांत्रिकी उभं राहिलं, जालना जिल्ह्यात बदनापूरला वैद्यकीय महाविद्यालय झालं. कुणा मंत्र्याने सांगितलं म्हणून नाही, मौलानांना हवं होतं म्हणून. जानेवारी २०११ मध्ये ते उत्तर प्रदेशातल्या देवबंदच्या मोठ्या मदरशाचे मोहतमिम, म्हणजे प्रमुख, झाले. गुजरातसंबंधीच्या त्यांच्या वक्तव्यावरून वाद पेटला आणि जुलैत पद गेलं. अक्कलकुव्याचं काम ते शेवटपर्यंत करत राहिले. मे २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं. महाराष्ट्रात त्यांच्यावर मराठीत किती लिहून आलं? मला फार थोडं सापडलं.

---

फळा_खडू

बाणकोटकर, तुमच्या भावाचं वाचून गलबलून आलं.

मी डीएड. परभणी भागात एका मदरशात सरकारी योजनेतून चार वर्षं मराठी आणि गणित शिकवलं. मानधन महिना ६ हजार. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये ते १६ हजार करायचं मंत्रिमंडळाने ठरवलं, बीएडवाल्यांचं ८ वरून १८. तेव्हा मी तिथून निघाले होते.

मुलं निम्म्याहून जास्त बाहेरच्या राज्यांतली होती. त्यांना मराठीचा गंध नाही, आणि मला उर्दू बोलता येई पण लिहिता येत नसे. पहिले दोन महिने फार अवघड गेले. माझा तास दुपारी जेवणानंतर असायचा, मुलं पहाटेपासून जागी, डोळे मिटायची. मौलानासाहेबांना वाटायचं, बाई आल्यात, सरकारचं काम आहे, होऊ दे. वाईट वागवलं नाही कधी. पण माझा विषय त्यांचा नव्हता.

मग एकदा वारसाहक्काचा पाठ चालला होता. इस्लामी वारसाहक्कात अपूर्णांक किती लागतात हे मला माहीत नव्हतं! आठवा हिस्सा, सहावा हिस्सा, दोन तृतीयांश. मुलं छेद समान करताना अडखळत होती. मी मौलानांना म्हटलं, उद्या हाच हिशेब मी माझ्या तासाला घेते. घेतला. फळ्यावर बायको, आई, दोन मुली, भाऊ असं कुटुंब काढलं आणि शेताचे वाटे पाडले. त्या दिवशी कुणाचे डोळे मिटले नाहीत. दुसऱ्या दिवशी मौलाना स्वतः मागे येऊन बसले, आणि त्या आठवड्यात माझा तास सकाळी आला.

त्यानंतर चंद्रोदय आणि किब्ल्याची, म्हणजे नमाजात तोंड करायची, दिशा यावरून आम्ही भूगोलातले अक्षांश-रेखांश घेतले. मराठीचं मात्र शेवटपर्यंत म्हणावं तसं जमलं नाही. त्याची रुखरुख आहे.

---

कृष्णाघाट

फळा_खडू ताई, हे फार मोलाचं आहे. यात नवं काहीच नाही असंही म्हणता येईल. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलात मुल्ला निझामुद्दीन यांच्या नावाने जो दर्स-ए-निझामी हा मदरशांचा अभ्यासक्रम रूढ झाला त्यात तर्कशास्त्र होतं, तत्त्वज्ञान होतं, युक्लिडची भूमितीही होती. तेव्हाच्या दरबारी कारभाराला लागणारी माणसं त्यातून तयार व्हायची. इंग्रजी राज्य आलं, तो कारभार गेला आणि मदरसा धर्म जपायच्या कामाला लागला. १८६६ चं देवबंद हे १८५७ नंतरच्या त्या पडझडीतून आलेलं आहे. गणित मदरशाचं होतंच, ताईंनी ते घरी परत नेलं.

---

सरळरेषा

सगळ्यांचं वाचलं. चांगलं चाललंय, पण एक बाजू कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. मी स्वतः एका निवासी शाळेत शिकलोय (मदरसा नव्हे). बंद आवारात, रात्री, मोठ्या मुलांच्या ताब्यात लहान मुलं असली की काय होतं ते मी पाहिलंय आणि सोसलंयही. तिथे गुरूंवर संशय घेणं पाप मानलं जात असेल तर आणखी कठीण. इंडोनेशियात अशा बातम्या नाहीत का? बारा वर्षांच्या मुलाला आईबापापासून तोडून शिकवायलाच हवं का? आणि आपल्याकडे प्रश्न खरंच एवढा मोठा आहे का? सच्चर समितीने २००६ साली सांगितलं होतं की शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी फक्त ३-४ टक्के मदरशात जातात. बाकीच्यांना साधी चांगली सरकारी शाळा हवी आहे.

---

ब्रांतासकाठी

सरळरेषा, तुम्ही हे लिहिलंत, बरं केलंत. मी लिहायला कचरत होतो.

आहेत अशा बातम्या. २०२१ साली बांडुंगमध्ये एका निवासी शाळेच्या प्रमुखाने अनेक मुलींवर वर्षानुवर्षं अत्याचार केल्याचं उघड झालं, देश हादरला. मोठ्या मुलांच्या मारहाणीत लहान मुलं दगावल्याच्याही घटना आहेत. कियाईंवरचा विश्वास एवढा गाढ की तक्रार कुणाकडे करायची हेच मुलाला कळत नाही.

आणि २९ सप्टेंबर २०२५. आमच्याच शेजारच्या सिदोआर्जो जिल्ह्यात, बुदुरानमधल्या एका जुन्या पेसान्त्रेनचं प्रार्थनागृह दुपारच्या नमाजाच्या वेळी कोसळलं. वर मजला चढवत होते, काँक्रीटचं काम चालू होतं. साठाहून जास्त जीव गेले, बहुतेक कोवळी मुलं. पेसान्त्रेनमध्ये मुलांनी मिळून श्रम करायची जुनी रीत आहे, तिला 'रोआन' म्हणतात. झाडलोट, विहीर उपसणं, इमारतीला हातभार लावणं. एरवी ती मला आवडायची. त्या आठवड्यात आमच्या गिरणीत कुणी धड बोलत नव्हतं. माझा सहकारी दुसऱ्याच दिवशी मुलाला भेटायला गेला आणि दिवसभर तिथे नुसता बसून राहिला. नंतर परवाने तपासले तेव्हा कळलं, रीतसर परवानगीने बांधलेल्या इमारती हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या कमी. गावाच्या देणग्या येतील तसा मजला चढवायचा, अभियंता कशाला, अशी पिढ्यान्पिढ्यांची सवय.

अभ्यासक्रमात संगणक आला आणि इमारतीत अभियंता नाही आला, याला मी बदल म्हणू शकत नाही.

बारा वर्षांच्या मुलाला दूर ठेवावं का, यावर माझं मन अजून ठरत नाही. मी माझ्या मुलीला ठेवलं नसतं. पण त्या मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, घरी एकटं जेवावं लागतं. इथे 'मायोरान' असतं : केळीच्या पानांवर एकच लांबलचक भाताची रास, आणि दहाजण एकत्र हात घालतात.

---

शाईचा_डाग

मुलींचा विषय कुणी काढला नाही. मला इंडोनेशियाच्या इतिहासात रस आहे म्हणून लिहिते.

जोंबांगमध्येच देनान्यार गावी बिस्री श्यान्सुरी यांनी १९१९ साली मुलींचा वर्ग सुरू केला. आसपासच्या कियाईंच्या भुवया उंचावल्या होत्या.

पण माझ्यासाठी खरी गोष्ट पश्चिम सुमात्राची. पादांग पांजांगला रहमा अल-युनुसिया या बाईंनी १ नोव्हेंबर १९२३ रोजी मुलींसाठी दिनिया पुत्री ही संस्था काढली. तेव्हा त्या जेमतेम तेवीस वर्षांच्या. मुलामुलींच्या एकत्र वर्गात बायकांच्या आरोग्याचे, विटाळाचे, बाळंतपणाचे धर्मनियम पुरुष शिक्षकाला विचारता येत नाहीत, ही त्यांची मूळ अडचण. मग मुलींसाठी बाईच शिक्षक हवी, आणि ती घडवायची तर मुलींचीच शाळा हवी. १९२६च्या भूकंपात इमारत पडली, त्यांनी पुन्हा उभी केली. वीणकाम होतं, शुश्रूषा होती. डच सरकारची मदत घेतली नाही, कारण मदतीबरोबर अटी आल्या असत्या.

१९५५ साली अल-अझहरचे प्रमुख ही शाळा बघायला आले. तोवर हजार वर्षांच्या त्या विद्यापीठात मुलींना जागा नव्हती. पुढे कैरोत बोलावून रहमांना 'शेखा' ही पदवी दिली, आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अल-अझहरमध्ये मुलींचा विभाग उघडला. सुमात्राच्या डोंगरातल्या एका बाईकडे बघून कैरो शिकलं. सावित्रीबाईंच्या राज्यात हे नाव माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

---

बाणकोटकर

शाईचा_डाग ताई, हे माझ्या अम्मीला वाचून दाखवलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. म्हणाली, विटाळाचं आम्हीपण कुणाला विचारायचो नाही, खालाजानला विचारायचो, आणि तिलाही नीट ठाऊक नसायचं.

सरळरेषा, ३-४ टक्क्यांचं तुमचं बरोबर आहे. पण माझा भाऊ त्या टक्क्यांतला आहे. शिवाय गावच्या मशिदीत इमाम म्हणून उभा राहणारा माणूस तिथूनच येतो. जुम्म्याला त्याचं बोलणं बाकीचे शहाण्णव ऐकतात.

तो आता काय करतो ते सांगायचं राहिलं. मशिदीत इमामत करतो आणि संध्याकाळी हिफ्जच्या सात मुलांना दहावीचं गणित शिकवतो. त्यातले चौघे या वर्षी फॉर्म भरतायत. फळा_खडू ताई, ते शेताच्या वाट्यांचं गणित मला सविस्तर पाठवाल का? बायको, आई, दोन मुली, भाऊ. त्याला उद्याच हवंय.

---

फळा_खडू

नक्की. इथेच लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही मिळेल. बायकोला १/८, आईला १/६, दोन मुलींना मिळून २/३, उरलेलं भावाला. छेद २४ घ्या. बायकोचे ३, आईचे ४, मुलींचे १६ म्हणजे प्रत्येकी ८. झाले २३. भावाला १. आता शेत २४ गुंठ्यांचं धरा, म्हणजे वाटे पूर्ण संख्येत येतात. मुलांना आधी चौकोनी कागद चोवीस घरांत दुमडायला लावा. मग शेत ३० गुंठ्यांचं करा आणि बघा, कोण पहिलं अडतं आणि कोण त्याला समजावतं.

---

ब्रांतासकाठी

बाणकोटकर, काल गेलो होतो. पोराच्या दप्तरात फतहुल मुईन होता. पहिल्या पानांवर पेगोनमध्ये गच्च लिहिलेलं. मी त्याला सांगितलं की हे लिहिणारा माझ्या देशातला, समुद्राकाठच्या गावचा. त्याने पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला मग हे वाचता येतं?" मी नाही म्हटलं. त्याने मला शेजारी बसवलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "उतावी..."